विचारलं तेव्हा सांगितलं नाही

घरात लग्नाची मुलगी असली की कितीतरी गोष्टी झाकून ठेवल्या जातात. कुणाचा काका दारू पीत असतो, कुणाच्या आत्याने नवरा सोडलेला असतो, कुणाला फीट येत असते. प्रत्येक घरात काहीतरी असतंच, आणि प्रत्येक घर दुसऱ्याला सांगतं की आमच्याकडे तसलं काही नाही. सैदापेटच्या वेंकटरमणरावांच्या घरात झाकलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या बायकोचं हृदय.

महालक्ष्मीला लहानपणी तंजावरला असताना सांधे सुजून ताप आला होता. त्या दुखण्याने हृदयाची एक झडप आखडली. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी हे कुणाला सांगितलं नाही. मुलगी जननी हिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरांच्या ते ध्यानात आलं, तेव्हा वेंकटरमणराव फार चिडले. पण तो राग सहा महिन्यांत विरला, कारण महालक्ष्मीवर फार दिवस रागावून राहणं कुणालाच जमत नसे. आणि मग ज्या गोष्टीवरून ते चिडले होते, तीच गोष्ट नवराबायको दोघं मिळून झाकू लागले.

दर तीन महिन्यांनी दोघं हृदयाच्या डॉक्टरांकडे जात आणि शेजाऱ्यांना सांगत की देवळात चाललो. घरी आल्याबरोबर ती गोळ्या पाकिटातून काढून लोहाच्या गोळ्यांच्या जुन्या बाटलीत भरून ठेवी. जिना चढताना धाप लागली तर म्हणे, "पित्त झालंय." हे घरात तिघांनाच ठाऊक होतं: नवऱ्याला, मुलीला, आणि वेंकटरमणरावांची थोरली बहीण सकवारबाई हिला. सकवारबाई वैधव्य आल्यापासून भावाकडेच राहत होती आणि घरातली शेवटची आज्ञा तिचीच असे.

२००९ सालच्या ऑगस्टमध्ये जननीचं लग्न ठरत आलं. ती चोवीस वर्षांची, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. मुलगा कार्तिकेय, ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात इंजिनिअर. माणसं आपलीच, तंजावरी मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून अजून घरात मराठी बोलणारी अशी घरं या शहरात असून असून किती असणार? सगळी एकमेकांच्या नात्यातली. एका घरात कुणी शिंकलं तर दहा घरांत कळतं.

हे स्थळ आणलं होतं नारायणस्वामींनी. ते निवृत्त पोस्टमास्तर. पिशवीत पत्रिका घालून समाजातल्या घरोघर फिरणं हा त्यांचा आता धर्म झाला होता. कॉफी पिता पिता ते म्हणाले होते, "वेंकटरमणा, मुलाकडच्यांनी एकच विचारायला सांगितलंय. घराण्यात शुगर, हार्ट, असलं काही? राग मानू नकोस. आजकाल विचारतात रे."

वेंकटरमणराव उत्तर जुळवत होते, तेवढ्यात सकवारबाई आतून म्हणाली, "आमच्या घराण्यात सगळे नव्वदी गाठून जातात, स्वामी. आणि जातातसुद्धा आपल्या पायांनी चालत!"

सगळे हसले. महालक्ष्मीही हसली.

निश्चितार्थ, म्हणजे साखरपुडा, रविवारी ठरला. त्याच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी महालक्ष्मीला ताप आला.

ते स्वाइन फ्लूचे दिवस होते. वर्तमानपत्रात रोज आकडे येत. मेडिकलच्या दुकानात मास्क मिळेनासे झाले होते. बसमध्ये कुणी खोकलं तर शेजारचा उठून उभा राही. वेंकटरमणराव गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळत. तिथे दोन कामगार आठवडाभर तापाने घरी होते. ते दोघेही बरे होऊन कामावर परत आले होते. त्यामुळे वेंकटरमणरावांना वाटत होतं की हा ताप म्हणजे नुसता गाजावाजा आहे.

मंगळवारी सकाळी ऑफिसची बस पकडायला निघताना जननी दारातून परत आली.

"अप्पा, अम्माला आजच सरकारी दवाखान्यात न्या. तिथे तापासाठी वेगळं टेबल मांडलंय. आणि तिच्या झडपेचं सांगा हं. विसरू नका."

"मी काय लहान आहे?" वेंकटरमणराव म्हणाले. "तू जा, बस चुकेल."

दवाखान्याच्या आवारात मांडव घातला होता. रांग लांब होती, पण भराभर पुढे सरकत होती. टेबलापाशी मास्क लावलेली एक नर्स बसली होती. ती तमिळमध्ये मोठ्याने विचारायची आणि कागदावर खुणा करायची. मोठ्याने, कारण मास्कमधून ऐकू जात नव्हतं.

"ताप कधीपासून?"

"कालपासून," वेंकटरमणराव म्हणाले.

"धाप लागते?"

"नाही."

"शुगर? बीपी? दमा?"

"नाही."

"हृदयाचा काही आजार?"

महालक्ष्मीने तोंड उघडलं. नेमकं त्याच वेळी मागून कुणीतरी हाक मारली, "कोण, वेंकटरमणा?" त्यांनी वळून पाहिलं. तीन माणसं सोडून मागे नारायणस्वामी उभे होते. उपरण्याचं टोक नाकावर धरलेलं, डोळे तापाने लाल, पण कान शाबूत.

वेंकटरमणराव टेबलाकडे वळले. महालक्ष्मीच्या तोंडून शब्द निघायच्या आधी ते बोलले.

"इल्लै," ते म्हणाले. नाही.

नर्सने खूण केली. "साधा ताप आहे. घरी जा. पॅरासिटामॉल द्या, पाणी भरपूर, वेगळ्या खोलीत झोपवा. धाप लागली तर एक क्षण थांबू नका, लगेच इथे या." तिने चिठ्ठी दिली आणि पुढच्याला हाक मारली.

या सगळ्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

रिक्षात महालक्ष्मी म्हणाली, "अहो, सांगायला हवं होतं का?"

"ते मागेच उभे होते गं! संध्याकाळपर्यंत सगळ्या समाजात झालं असतं. रविवार पार पडू दे. सोमवारी आपल्या डॉक्टरांकडे जाऊ."

"बरं," ती म्हणाली. नवऱ्याने काही ठरवलं की ती बरंच म्हणत असे.

संध्याकाळी जननीने आल्या आल्या विचारलं, "सांगितलंत ना अप्पा?"

"सांगितलं," वेंकटरमणराव म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं.

बुधवारी ताप थोडा उतरला. सगळ्यांना हायसं वाटलं. विजयलक्ष्मी, म्हणजे मुलाची आई, हिचा साडीच्या रंगाबद्दल फोन आला. महालक्ष्मी तिच्याशी दहा मिनिटं बोलली. दोन वाक्यांमध्ये ती थांबत होती. पलीकडे कळू नये म्हणून थांबताना फोन बाजूला धरत होती.

गुरुवारी तिला आडवं होता येईना. पाठीशी तीन उशा लावून ती बसून राहिली. जननीला वेगळ्या खोलीत जाऊ देत नव्हते. तिने दारातून विचारलं, "अम्मा, दम लागतोय का?" तर आतून उत्तर आलं, "नाही गं, बसून बरं वाटतं." सकवारबाईने दुधात मिरी आणि हळद घालून दिली. म्हणाली, "कफ आहे छातीत. आज रात्रीत सुटेल."

वेंकटरमणरावांच्या मनात एकदा आलं होतं की न्यावं. पण परत त्याच टेबलापाशी जाऊन काय सांगायचं? परवा खोटं बोललो म्हणून? त्यांना लाज वाटली. लाज वाटली म्हणून एक अख्खा दिवस गेला!

शुक्रवारी उजाडताना ती खोकली तेव्हा पदरावर गुलाबी फेस आला. ओठ निळे पडले होते. १०८ ला फोन केला. गाडी लवकर आली. दवाखान्यात तिला आत नेलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. एक तरुण डॉक्टरबाई धावत आली. तिने छातीवर नळी ठेवली, थोडा वेळ ऐकलं आणि मान वर केली.

"हिच्या झडपेला आजार आहे. किती वर्षं झाली?"

"लहानपणापासून."

डॉक्टरबाईच्या हातात मंगळवारची चिठ्ठी होती. तिने ती पाहिली, पुन्हा पाहिली.

"मग इथे 'नाही' कसं लिहिलंय?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. ती आत गेली. अर्ध्या तासाने परत आली तेव्हा तिच्या मास्कच्या कडा घामाने भिजल्या होत्या.

"फुप्फुसात पाणी भरलंय. मशीनवर ठेवलंय. आम्ही करतोय तेवढं करतोय. आता मला खरं सांगा. 'नाही' कुणी सांगितलं?"

"मी."

"का?"

"मुलीचं लग्न ठरतंय," वेंकटरमणराव म्हणाले. आपल्याच तोंडून ते शब्द ऐकताना त्यांना धक्का बसला. किती लहान होतं ते कारण! "ओळखीचे एक गृहस्थ मागे उभे होते. पण डॉक्टर, ताप तर साधाच होता. आमच्या कारखान्यातले दोघे घरी बसून बरे झाले."

"ते बरे झाले, कारण त्यांचं हृदय धडधाकट होतं," डॉक्टरबाई म्हणाली. ती रागावलेली होती, पण आवाज चढवत नव्हती. "ताप आला की हृदयाला जोरात पळावं लागतं. निरोगी हृदय चार दिवस पळतं आणि मग विसावा घेतं. हिची झडप अरुंद. हृदय जितकं जोरात पळेल तितकं रक्त मागे तुंबणार आणि फुप्फुसात पाणी उतरणार. त्याच फुप्फुसात तो विषाणू आधीच बसलेला. दोन्हीकडून कोंडी. विषाणू तोच, पण तुमच्या कामगाराला जो पडसं देतो तो हिला मारू शकतो. आम्ही त्या टेबलावर हृदयाचं विचारतो ते काय गप्पा मारायला?"

"पण तुम्ही काय वेगळं केलं असतं?"

"पहिल्याच दिवशी स्वाइन फ्लूची गोळी दिली असती. बाकीच्यांना साध्या तापात आम्ही ती देत नाही, घरी पाठवतो. पण हृदयाचा, फुप्फुसाचा, मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर ताप कितीही साधा असो, लगेच देतो. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. एकूण दहा गोळ्या. पहिल्या दोन दिवसांत सुरू केल्या तर त्यांचा खरा उपयोग. आणि हिला घरी न पाठवता इथेच नजरेखाली ठेवलं असतं."

"महाग असतात?"

"फुकट असतात," डॉक्टरबाई म्हणाली. "त्या टेबलाखालच्या पेटीत होत्या."

वेंकटरमणरावांनी विचारलं, "ती वाचली असती?"

"वाचलीच असती असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तिला एक संधी होती. तुम्ही ती घेऊ दिली नाहीत."

शनिवारी दुपारी बारा वाजून काही मिनिटांनी महालक्ष्मी गेली. सत्तेचाळीस वर्षांची होती.

स्मशानात मोजकीच माणसं आली, तीही मास्क लावून लांब उभी राहिली. रविवारी सकाळी दाराशी रिक्षा थांबली आणि निश्चितार्थासाठी सांगितलेले म्हैसूरपाकाचे बारा डबे आले. ते नको म्हणून कळवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. जननी त्या डब्यांकडे बघून जी किंचाळली, ते वेंकटरमणराव जन्मात विसरणार नाहीत.

सकवारबाईने भावाला बाजूला घेतलं. "हे बघ रमणा, झालं ते झालं. स्वाइन फ्लूने गेली एवढंच सगळ्यांना सांग. तेच खरं आहे. हृदयाचं कुठे बोलू नकोस. पोरीचं अजून व्हायचंय."

वेंकटरमणरावांनी होकारार्थी मान हलवली. तेव्हासुद्धा मान हलवली!

तेराव्या दिवशी घरी माणसं जमली. कार्तिकेय आणि त्याची आई विजयलक्ष्मी आली. वडील अनंतकृष्णराव दिसले नाहीत.

"व्याही आले नाहीत?" वेंकटरमणरावांनी विचारलं.

"यायचं होतं हो फार. पण काल रात्रीपासून कणकण आहे. खोकला पण आहे. सकाळी दवाखान्यात जाऊन आलो. साधा ताप आहे म्हणाले, घरी पाठवलं."

वेंकटरमणरावांच्या हातातलं पाण्याचं भांडं थांबलं.

"टेबलावर विचारलं असेल ना? शुगर, बीपी, हृदय?"

"विचारलं की."

"काय सांगितलंत?"

विजयलक्ष्मी मुलाकडे बघू लागली. कार्तिकेय जमिनीकडे बघू लागला. "त्यांना काय झालंय?" ती म्हणाली. "ठणठणीत आहेत."

ते तोंड वेंकटरमणरावांच्या ओळखीचं होतं. चोवीस वर्षं ते त्यांनी आरशात पाहिलं होतं. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि उठून उभे राहिले. भटजींनी मंत्र थांबवला.

"सगळ्यांनी ऐका," ते म्हणाले. "माझी बायको नुसत्या तापाने गेली नाही. तिच्या हृदयाची झडप लहानपणापासून खराब होती. लग्न मोडेल म्हणून आम्ही ते लपवलं."

"रमणा!" सकवारबाई ओरडली.

"अक्का, आज मला बोलू दे. दवाखान्यात मला विचारलं होतं. स्पष्ट विचारलं होतं! महालक्ष्मी सांगणार होती. मी तिच्या आधी 'नाही' म्हणालो. 'आहे' म्हटलं असतं तर तिला तिथल्या तिथे औषध मिळणार होतं. मी ते मिळू दिलं नाही."

नारायणस्वामी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मग जननीचा आवाज आला. ती ओरडली नाही.

"अप्पा, मी त्या संध्याकाळी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सांगितलं."

"खोटं सांगितलं, कण्णा, बाळा."

ती उठून आत गेली. वेंकटरमणराव तिच्या मागे गेले नाहीत. ते विजयलक्ष्मीसमोर हात जोडून उभे राहिले. "विहीणबाई, हे लग्न होवो न होवो. माझी बायको परत येणार नाही. पण तुमचा नवरा अजून घरी आहे. काही असेल तर आता बोला. पाया पडतो."

विजयलक्ष्मीने पदर तोंडात घेतला.

"गेल्या वर्षी मदुरेला... त्यांच्या हृदयाच्या नळीत दोन स्प्रिंगा बसवल्यात," ती रडत म्हणाली. "अय्यो, तुम्हाला कळलं तर तुम्ही मुलगी देणार नाही म्हणून..."

बघा! दोन घरं. दोघांनाही विचारलं होतं, "तुमच्याकडे काही आहे का?" दोघांनी सांगितलं, "नाही." एकाला दुसऱ्याची भीती, दुसऱ्याला पहिल्याची. आणि त्या भीतीपायी एक बाई सरणावर गेली आणि एक माणूस पॅरासिटामॉल घेऊन घरी झोपला होता!

तेराव्याचं जेवण तसंच राहिलं. वेंकटरमणराव कार्तिकेयच्या गाडीत बसले. अनंतकृष्णरावांना अंथरुणातून उठवून सगळे दवाखान्यात गेले. रांगेत समाजातलं एक ओळखीचं जोडपं होतं. विजयलक्ष्मीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती एक पाऊल मागे सरली.

"सांगा," वेंकटरमणराव म्हणाले. "मोठ्याने सांगा."

"हृदय," ती म्हणाली. "ह्यांना हृदयाचा आजार आहे. दोन स्प्रिंगा आहेत. कोणकोणत्या गोळ्या घेतात ती यादी ही. सकाळी आम्ही खोटं सांगितलं."

नर्स रागावली नाही. तिने खाली वाकून पेटी उघडली. अनंतकृष्णरावांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. मधले दोन दिवस कठीण गेले, एकदा ऑक्सिजनही लावावा लागला. नवव्या दिवशी ते चालत घरी आले.

बरे झाल्यावर ते सैदापेटला आले. वेंकटरमणरावांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "राव, तुमच्यामुळे मी आज आहे." दहा गोळ्या. फक्त दहा. तेवढंच वेंकटरमणरावांच्या मनात येत होतं.

जननी दीड महिना वडिलांशी बोलली नाही. जेवायला वाढायची, ताट ठेवून आत जायची. लग्न मोडलं नाही, पुढच्या वर्षावर गेलं. तिने कार्तिकेयला सगळ्यांसमोर विचारलं, "आणखी काय लपवलंय तुमच्या घरात?" तो म्हणाला, "मी घोरतो." त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि लगेच सगळ्यांना रडू आलं. सकवारबाईने स्वतः उठून ती लोहाच्या गोळ्यांची बाटली कचऱ्यात टाकली. नारायणस्वामींनी पत्रिका वाटणं सोडलं नाही, पण आता ते प्रत्येक घरात सांगतात, "दुखणं असेल तर मला सांगू नका, हरकत नाही. पण डॉक्टरांना सांगा. मी मागे उभा असलो तर मला हाकलून द्या!"

वाचकहो, आपण सगळे चांगली माणसं आहोत. आपण बायकामुलांसाठी कष्ट करतो, त्यांना औषध आणतो, त्यांच्या उशाशी बसतो. आणि तरी चार लोक काय म्हणतील या एका भीतीने आपण त्यांचा जीव घालवू शकतो. हृदयाचं दुखणं ही लाज नाही. ते शरीराचं दुखणं आहे, जसं गुडघ्याचं असतं. ज्याचं हृदय आधीच थकलेलं आहे त्याला साधा ताप साधा नसतो. त्याला पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि पहिल्याच वाक्यात त्याचा आजार सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

वेंकटरमणराव आता निवृत्त झाले आहेत. कुणाच्या घरी लग्नाची बोलणी चालू असली आणि कुणी आजारपण लपवू लागलं, तर ते बोलावलेलं नसताना जातात आणि आपली गोष्ट सांगतात. शेवटी ते एवढंच म्हणतात: समजा मी त्या दिवशी खरं बोललो असतो आणि स्थळ मोडलं असतं, तर काय झालं असतं? माझी जननी चार दिवस रडली असती. आणि तिची अम्मा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली असती.